सल्ल्याची फी आणि पप्पांचा डबा

पुण्यात मी सल्ला विकायचं ऑफिस काढलं, हे ऐकून ज्याला हसू येत नाही तो माणूस पुण्याचा नाही. इथं रिक्षावाला सल्ला देतो, भाजीवाली सल्ला देते, लिफ्टमध्ये भेटलेले अनोळखी गृहस्थ तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचायच्या आत तुमच्या मुलाला कुठल्या शाखेला घालायचं ते सांगून मोकळे होतात. आणि सगळं फुकट. आमच्या सोसायटीतल्या एक काकू तर मला तोंडावर म्हणाल्या, "अगं, सल्ला द्यायचे कसले पैसे? न द्यायचे घे. लोक आनंदानं देतील."

काकूंचं म्हणणं मी तेव्हा हसून सोडून दिलं. पुढं पुष्कळ वेळा आठवलं.

त्याआधी मी बँकेत होते. माझ्या कार्डावर एक लांबलचक इंग्रजी पद छापलेलं होतं. त्याचा मराठीत अर्थ एवढाच, की खात्यात पैसे दिसले की त्या माणसाला गाठायचं आणि त्याच्या गळ्यात पॉलिसी मारायची. एका मार्चमध्ये साहेबांनी मला ऐंशीच्या घरातल्या एका काकांना वीस वर्षांची पॉलिसी द्यायला सांगितली. मी म्हटलं, "सर, काकांचं वय बघा." साहेब म्हणाले, "तू टार्गेट बघ." काका समोरच बसले होते. माझ्याकडं बघून प्रेमानं म्हणाले, "पोरी, तू म्हणशील तिथं सही करतो." माझ्या डोक्यात तिडीक गेली. काकांना चहा पाजून घरी पाठवलं आणि त्याच आठवड्यात राजीनामा दिला.

मग परीक्षा दिल्या, सरकारदरबारी नोंदणी केली आणि आर्थिक नियोजनकार झाले. काम सरळ आहे. माणसाचं उत्पन्न, खर्च, कर्ज, मुलांची शिक्षणं, म्हातारपण, सगळं समोर मांडायचं आणि काय करावं, काय करू नये ते सांगायचं. कुठल्याही कंपनीकडून कमिशनचा एक रुपया घ्यायचा नाही. फक्त गिऱ्हाइकाकडून ठरलेली फी घ्यायची. कागदावर किती स्वच्छ वाटतं!

पप्पांना मात्र हे अजिबात पटलं नाही. पप्पा खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. उभी हयात तिथं गेली. क्वार्टर्समधल्या पत्र्याच्या शेडखाली बसवून त्यांनी मला शिकवलं. मला बँकेत नोकरी लागली तेव्हा रविवारी विहारात वंदना झाल्यावर उभं राहून त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं आणि आईनं घरोघर पेढे दिले होते. मी राजीनामा दिल्यावर मात्र विहारात कोणी उभं राहिलं नाही. पप्पांनी कुणाला सांगितलंच नाही. खडकीत मी बँकेतच राहिले. मध्ये तर माझं प्रमोशनही झालं. मला ते एका लग्नात कळलं, लोक हात मिळवायला लागले तेव्हा.

नवऱ्यानं विरोध केला नाही. तो कात्रजच्या बाजूला दूध तपासायच्या प्रयोगशाळेत आहे. दुधात पाणी किती ते दिवसभर शोधतो, आणि सवय जात नाही म्हणून संध्याकाळी माझ्या बोलण्यात शोधतो. तो एवढंच म्हणाला, "येत्या मार्चअखेरपर्यंत ऑफिसचं भाडं तुझ्या फीतून निघायला लागलं, तर चालू ठेव. नाही निघालं, तर तुझे जुने साहेब फोन करतायत ना, तो उचल." साहेब खरंच फोन करत. "तुझी जागा ठेवलीय," म्हणायचे. माझ्यावरच्या मायेनं नाही, माझ्यानंतर आलेली दोन पोरं पळून गेली होती म्हणून.

ऑफिस वारज्यात, पिठाच्या गिरणीच्या वर. भाडं कमी होतं, कारण खाली गिरणी सुरू झाली की वर टेबल थरथरायचं आणि दिवसाअखेर माझे काळे केस पांढरे व्हायचे. त्याचा एक फायदा झाला. लोकांना मी अनुभवी वाटायला लागले.

गिऱ्हाइकं यायची. येण्याची अडचण नव्हती. पुण्याचा माणूस ऐकायला येतोच. एक निवृत्त गृहस्थ आले, तासभर बसले, सगळं लिहून घेतलं, दोन ठिकाणी माझी आकडेमोड तपासली आणि उठताना म्हणाले, "छान. विचार करून कळवतो." मी फीचं नाव काढलं. ते म्हणाले, "अहो, पण मला अजून पटलेलं नाही." दुसरे एक जण आले. त्यांचं सगळं इतकं नीटनेटकं होतं की मी म्हटलं, "काहीही बदलू नका. आहे ते उत्तम आहे." ते भडकले. "काहीच करायचं नाही, तर पैसे कसले मागताय?" मी म्हटलं, "डॉक्टरनं तपासून काही झालेलं नाही म्हटलं, तर तुम्ही पैसे देत नाही?" ते म्हणाले, "देतो. पण तिथं निदान सुई तरी टोचतात." एका बाईंनी फीऐवजी घरच्या झाडाचे पेरू आणले. पेरू गोड होते, ते सांगायला हवं. पण घरमालक पेरू घेत नव्हता.

तर असं चाललं होतं. दर महिन्याला भाड्यात कमी पडलेले पैसे मी बँकेतल्या जुन्या शिलकीतून घालत होते. दुसऱ्याला सांगायचं, शिलकीला हात लावू नका, आणि आपण कोपरापर्यंत हात घालून बसायचं. नवरा बोलत नव्हता, पण कॅलेंडरवरचा मार्च त्यानं उघडून बघून ठेवलेला मला दिसला होता.

त्याच वर्षी आई गेली. पप्पा खडकीच्या घरात एकटे राहिले. आमच्याकडं चला म्हटलं की म्हणायचे, "बघू." आणि मग एक दिवस दोन बसा बदलून ते थेट ऑफिसातच आले. "सहज आलो होतो," म्हणाले. दुसऱ्या दिवशीही सहजच आले. तिसऱ्या दिवसापासून सहज म्हणायचं त्यांनी सोडून दिलं. दाराबाहेरच्या जिन्याच्या चौकात गिरणीवाल्याचं स्टूल ओढून बसायचे. मधेच आत डोकावून म्हणायचे, "मला जरा तुला विचारायचं होतं." तेवढ्यात माझा फोन वाजायचा. "एक मिनिट हं पप्पा," मी म्हणायची. ते हात हलवायचे, राहू दे, आणि परत स्टुलावर.

एक दिवस एक जोडपं आलं होतं. मी त्यांना घराच्या कर्जाचं समजावत होते. त्यातल्या नवऱ्याचा फोन वाजला. त्याचा मेव्हणा होता. त्यानं फोन स्पीकरवर टाकला आणि मेव्हणा पलीकडून सांगायला लागला, कर्ज फेडू नका, शेअर घ्या. मग बायकोचा फोन वाजला. तिची बहीण. तिनं सांगितलं, सोनं घ्या. टेबलावर मी, मेव्हणा आणि बहीण असे तिघं सल्लागार, आणि फी मागणारी मी एकटीच. जोडपं आपापसात भांडत जिना उतरलं. पप्पांनी दारातून सगळं पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते आईचा डबा घेऊन आले. स्टीलचा, कडीवाला, मोठा. आई दिवाळीत त्यात चकल्या भरायची. स्टुलाशेजारी खोका ठेवून त्यावर त्यांनी डबा मांडला. मी विचारलं, "हे काय?"

"झडती," पप्पा म्हणाले. "कारखान्यात शेडमध्ये जायच्या आधी आमची झडती व्हायची. काडेपेटी, चाव्या, घड्याळ, सगळं बाहेर. बूटसुद्धा बदलायला लागायचे. साहेब असो नाही तर हमाल, खिसे रिकामे केल्याशिवाय आत पाय नाही. शेवटची वर्षं मीच होतो दारावर. आता इथं फोन बाहेर."

"पप्पा, इथं दारूगोळा नाहीये."

"पैसा हाय ना? मग झालं तर."

मी त्यांना समजावलं की लोक असे फोन देणार नाहीत, लोकांना राग येईल, हे ऑफिस आहे. ते ऐकून घेत होते. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी डब्याला कडी लावून बघितली.

लोकांना राग आलाच. माणूस जिना चढून वर आला की पप्पा उभे राहायचे, खाकी शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, आणि म्हणायचे, "फोन." नमस्कार नाही, या बसा नाही. एक कॉलेजमधले प्राध्यापक म्हणाले, "मी माझा फोन कोणाकडंही देत नाही." पप्पा म्हणाले, "मग बाहेर बसा." प्राध्यापकही हट्टी. ते खरोखर बाहेर बसले, माझ्या दारातून मला प्रश्न विचारत राहिले आणि मी आतून ओरडून उत्तरं देत राहिले. खाली गिरणी चालू. त्यांना त्यांच्या निवृत्तीचं जे काही ऐकू गेलं असेल ते असो. फी त्यांनी दिली नाही. "मला आत बसवलंत कुठं?" म्हणाले, आणि खरं सांगायचं तर मुद्दा बरोबर होता. आणखी एका माणसाच्या खिशात पप्पांना लायटर सापडला. फोन दिल्यावरही त्याला त्यांनी आत सोडलं नाही. लायटरचा आणि गुंतवणुकीचा काय संबंध, असं तो विचारत होता. पप्पांकडं उत्तर नव्हतं, पण नियम होता.

मी रोज संध्याकाळी चिडायची. घरी जाऊन नवऱ्याला म्हणायची, "माझं गिऱ्हाईक पळवायला बाहेरचा शत्रू नको, घरचाच पुरेसा आहे." नवरा म्हणायचा, "मग सांग त्यांना नका येऊ म्हणून." ते मात्र माझ्याच्यानं होत नव्हतं. आई गेल्यापासून पप्पा फक्त त्या स्टुलावर ताठ बसलेले दिसत होते.

आणि मग मार्चच्या तोंडावर ते कुटुंब आलं.

नदीपलीकडच्या, आता महापालिकेत आलेल्या गावातलं शेतकरी घर. जमीन रस्त्यात गेली होती आणि मोबदला आला होता. म्हातारा-म्हातारी आणि दोन मुलगे. दोन्ही मुलग्यांचे शेजारीशेजारी बंगले, दोघांच्या मनगटावर जाडजूड कडी. थोरला फोनवर आधीच मला म्हणाला होता, "मॅडम, काम आवडलं तर आमची पूर्ण भावकी तुमच्याकडं आणतो." मी हिशेब करून ठेवला होता. हे एक घर वर्षाच्या फीवर आलं, तरी भाडं निघत होतं. नाही आलं, तर साहेबांचा फोन उचलायचा. इतकं सरळ होतं. त्या दिवशी मी पप्पांना हात जोडून सांगितलं, "आज झडती नको. आजच्या दिवस."

"बरं," पप्पा म्हणाले.

मी आतून ऐकलं. जिन्यावर पावलं वाजली आणि मग पप्पांचा आवाज. "फोन."

आश्चर्य म्हणजे त्यांनी दिले. खाकी शर्ट आणि तो आवाज, त्यांना वाटलं असेल ऑफिसची पद्धतच आहे. चौघं आत येऊन बसली. दोघा मुलग्यांची मुद्द्यालाच सुरुवात. एक ओळखीचा माणूस आहे, त्याची स्कीम आहे, महिन्याच्या महिन्याला भरघोस व्याज देतो, सगळे पैसे त्यात टाकायचे. "फक्त आज शेवटचा दिवस हाय मॅडम, म्हणून घाई." मी म्हटलं, कागद दाखवा. कागद फोनमध्ये होते. फोन डब्यात होते. थोरल्याचा हात दर मिनिटाला खिशाकडं जात होता आणि रिकामा परत येत होता. धाकटा टेबलावर बोटं वाजवत होता. बोलायचं ते बोलून झालं, दाखवायला काही नव्हतं, बाहेर पळायलाही कारण नव्हतं. शेवटी दोघं समोर बघायला लागले. समोर त्यांची आई होती.

म्हातारी तोवर एक अक्षर बोलली नव्हती. ती म्हणाली, "मला खालच्या मजल्यावर एक खोली पायजे."

"खोली?" थोरला म्हणाला. "एवढा बंगला हाय की आये!"

"जिना चढवंना मला. गुडघं गेलं माजं."

"कधीपास्नं?"

"लई दिस झालं."

"मग सांगायचं न्हाईस का?"

"सांगितलं की. तुमी फोनवर व्हता."

म्हातारा खाली मान घालून हसायला लागला. धाकट्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मग बोलणं जे सुरू झालं ते थांबेना. खोली कुणाच्या बंगल्यात, मोरी कुठं, म्हाताऱ्याचं औषध कोण आणतं, उरलेल्या तुकड्यावर भाजी लावायची का. मी मधेमधे माझा तक्ता पुढं सरकवत होते. माझ्या तक्त्याकडं कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. मला आपली घाई, की ह्यांना फीचा मुद्दा कधी सांगू!

तेवढा वेळ बाहेर डबा वाजत होता. दोन फोन एकदम स्टीलमध्ये थरथरले की काय आवाज होतो, तो ऐकल्याशिवाय कळायचा नाही. मला वाटलं गिरणीचा पट्टा तुटला. मग आवाज बंद झाला. मी मनात म्हटलं, चला, कंटाळला वाटतं फोन करणारा. तो कंटाळला नव्हता. पप्पांनी फोन उचलला होता.

हे आम्हाला बाहेर आल्यावर कळलं. थोरल्यानं डब्यातून फोन काढला, बघितला आणि किंचाळला, "अहो, हा कॉल घेतला कुणी?"

"मी," पप्पा म्हणाले. "सारखा वाजत होता. तो माणूस म्हणाला, आज शेवटचा दिवस हाय, आत्ताच्या आत्ता पाठवा. मी म्हटलं, ते आत हायत, आत फोन चालत नाही. तो आवाज चढवून बोलायला लागला. मी म्हटलं, एवढी घाई असंल तर दुसरीकडं बघा. आणि बंद केला."

थोरला लालबुंद झाला होता. "मॅडम, तुमच्या वडलांमुळं आमचं लाखांचं नुकसान झालं! ही काय पद्धत झाली?" मी फीचं काही बोलायला तोंड उघडलं असेल नसेल, तोच तो म्हणाला, "भरपाई मागत न्हाई, हेच उपकार समजा." म्हातारीला दंडाला धरून उतरवत ते चौघं निघून गेले. जाताना म्हातारी मान वळवून डब्याकडं बघत होती.

मग मी पप्पांवर जे तोंड सोडलं ते सोडलं. "हा तुमचा कारखाना नाही! तुम्हाला हात जोडून सांगितलं होतं! माझी सगळी मेहनत पाण्यात घातलीत! उद्यापासून येऊ नका, कळलं?" खालची गिरणीसुद्धा बंद झाली, माझं ऐकायला.

पप्पा उठले. शर्टावरचं पीठ झटकलं. "डबा राहू दे," म्हणाले. "तुझ्या आईचा हाय." आणि जिना उतरून गेले. मी दार लावून घेतलं आणि ढसाढसा रडले. रागानं की कशानं, तेव्हा कळत नव्हतं. मग डोळे पुसून साहेबांना फोन केला. "येते सर," म्हटलं. साहेबांना आनंद झाला. "एक तारखेपासून ये. टार्गेट थोडं वाढलंय."

त्यानंतरच्या दिवसांत मी कपाट आवरत होते. पेरूवाल्या बाईंची फाईल, प्राध्यापकांची फाईल, सगळ्यांवर पीठ. अशा एका दुपारी जिन्यावर पावलं वाजली. एक पायरी, मग थांबणं, मग एक पायरी. दारात ती म्हातारी. एकटी, रिक्षानं आलेली, घामाघूम. मी धावत जाऊन पाणी दिलं. पाणी पिऊन तिनं इकडंतिकडं बघितलं, कमरेचा फोन काढला, छोटा, बटणांचा, आणि आपल्या हातानं डब्यात टाकला.

"त्या दिसाचं किती झालं?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "आजी, राहू द्या. तुमचं काम तर झालंच नाही. नुकसान झालं."

"कसलं नुसकान? त्या गड्याचा शेवटचा दिस दुसऱ्या दिशी बी व्हता. आनि तिसऱ्या बी. धाकट्यानं त्याचं थोडं टाकलं त्यात. बाकीचं मी टाकू दिलं न्हाई. सही माजी लागती." पदराची गाठ सोडता सोडता ती बोलत होती. "तुमी काय सांगितलं ते मला समाजलं न्हाई, पोरी. खोटं कशाला बोलू? पर माजी दोनी पोरं माज्याम्होरं तासभर बसली. फोनबिगर. किती वर्सांनी बसली, काय सांगू तुला. खोलीचं काम बी काडलंय. तवा तासाचं काय असंल ते सांग, आन वर्साचं बी सांग. पुढल्या महिन्यात समदी येतो. सुना बी."

"मुलगे येतील?"

"येत्याल की. सही माजी लागती म्हनलं ना." मग ती दाराकडं बघून म्हणाली, "त्ये दारातलं म्हातारं कुटं हाय? त्येला बोलाव बाई. त्येच्याबिगर पोरं फोन द्यायची न्हाईत."

ती स्कीम बुडाली असं इथं लिहायला मला फार आवडलं असतं. पण हे लिहीपर्यंत तरी ती बुडालेली नाही, आणि धाकटा भेटला की मला ते आवर्जून सांगतो.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, तासाची फी मिळाली आणि वर्षाचीही ठरली. तो कॅलेंडरकडं बघत म्हणाला, "म्हणजे निघालं म्हणायचं भाडं." त्याच्या तोंडून एवढं कौतुक म्हणजे पुष्कळच. मग साहेबांना कळवलं की येत नाही. साहेब म्हणाले, "तुला एक सल्ला देतो, नीट ऐक." मी विचारलं, "सर, फी किती तुमची?" त्यानंतर साहेबांचा फोन आलेला नाही.

रविवारी खडकीला गेले. पप्पा दारात खुर्ची टाकून बसले होते, शर्टाची बटणं तशीच गळ्यापर्यंत. मी चहा करायला आत गेले. ओट्यावर आदल्या दिवशीची भाजी तशीच झाकलेली, भाकरी अर्धी मोडून ठेवलेली. मी म्हटलं, "काय पप्पा हे, जेवत का नाही नीट?" ते म्हणाले, "बघू." चहा झाल्यावर मी तोंड उघडलं. "पप्पा, उद्यापासून या."

"फुकट येणार नाही."

"म्हणजे?"

"पगार पायजे. आणि पाठ असलेली खुर्ची."

"अहो पप्पा! घरच्या माणसानं कुठं पैसे मागायचे असतात का?"

बोलून गेले आणि जीभ चावली. पप्पा शांतपणे बशीतला चहा प्यायले. "बघ," म्हणाले. "तुझं गिऱ्हाईक बोललं तुझ्या तोंडून." मी मुकाट्यानं आकडा विचारला. त्यांनी सांगितलेला मला जास्त वाटला, मी सांगितलेला त्यांना अपमानाचा वाटला. शेवटी मधे कुठंतरी जमलं. निघताना ते म्हणाले, "आणि मला जरा तुला विचारायचं होतं," तेवढ्यात माझा फोन वाजला. म्हातारीच्या भावकीतलं कुणीतरी होतं. मी बोलत बोलतच रिक्षात बसले.

पुढच्या रविवारी पप्पा विहारात उभे राहिले, हे मला शेजारणीकडून कळलं. "मला नोकरी लागली," त्यांनी सगळ्यांना सांगितलं. "मुलीच्या ऑफिसात. ती आता बँकेत नसती. स्वतःचं हाय तिचं. तासाचे पैसे घेती लोकांकडून. आणि देतात!" लोकांनी पेढे मागितले. त्यांनी पगार झाल्यावर देतो सांगितलं.

आता लोक डबा बघायला येतात म्हटलं तरी चालेल. ते प्राध्यापकसुद्धा आले, या वेळी बायकोला घेऊन. बाईंनी आधी फोन टाकला आणि नवऱ्याकडं बघत राहिल्या. त्यांनीही टाकला. आत बसून दोघं माझ्याशी थोडं आणि एकमेकांशी जास्त बोलले, आणि फी दिली. मोजून, पावती घेऊन, पावतीवरची तारीख तपासून दिली, पण दिली. लायटरवाल्याला मात्र पप्पांनी अजून आत सोडलेलं नाही.

महिनाअखेरीला मी पप्पांना पगाराचं पाकीट दिलं. त्यांनी ते शर्टाच्या खिशात ठेवलं आणि बाहेर गेले. मला वाटलं, चालले पेढे आणायला. पण दारातूनच परत वळले. स्वतःचा फोन काढून डब्यात टाकला. आत आले, माझ्यासमोरच्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले, पाकिटातून माझ्या तासाच्या फीएवढे पैसे काढून टेबलावर ठेवले आणि वर पेपरवेट ठेवला, पंख्यानं उडू नयेत म्हणून.

"हे काय पप्पा?"

"फी. आता मी घरचा नाही. गिऱ्हाईक हाय."

मी हसायला लागले. ते हसले नाहीत. टेबलावर माझा फोन पडला होता, त्याकडं त्यांनी बोट केलं. "तुझापण टाक."

"माझा कशाला?"

"झडती सगळ्यांची असती."

मी उठून बाहेर गेले, डब्यात फोन टाकला आणि कडी लावली. येऊन बसले. खाली गिरणी बंद झाली होती. पप्पा बराच वेळ टेबलाच्या कडेवरचं पीठ बोटानं पुसत राहिले.

"एकट्याला जेवण जात नाही मला," ते म्हणाले. "तुझी आई गेल्यापासून. ताट घेऊन बसतो आणि तसाच उठतो. यावर काय करायचं, ते सांग."

मी समोरचा तक्ता बाजूला सारला. बाहेर डब्यात दोघांपैकी कुणाचा तरी फोन वाजला, वाजून वाजून थांबला. आम्ही दोघंही उठलो नाही.